विहीणबाईंचा बेल्जियम, व्हाया घुग्घुस

बेल्जियमचे पदार्थ खायला माणसं ब्रसेल्सला जातात. मी घुग्घुसला गेले. घुग्घुस म्हणजे चंद्रपूरजवळचं कोळशाच्या खाणींचं आणि सिमेंटचं गाव. तिथं सकाळी वाळत घातलेली पांढरी साडी संध्याकाळी नेसली, तर लोक विचारतात, ही राखाडी कोणत्या दुकानातून आणली. अशा गावात मला बेल्जियम भेटला. मग तो चंद्रपुरात भेटला, मूल नावाच्या गावी भेटता भेटता राहिला, आणि शेवटी खराखुरा जिथं भेटला ती जागा ऐकून तुम्ही मला वेड्यात काढाल.

पुण्याहून निघाले त्या सकाळी आमच्या सोसायटीतल्या केळकरबाई जिन्यात आडव्या आल्या. "गडचिरोलीला? अगबाई! जपून हं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि तिकडे खायला काय मिळतं हो?" माझं माहेर गडचिरोलीचं आहे, हे त्यांना कित्येक वर्षं माहीत आहे. म्हणजे लहानपणी काय खाऊन मी एवढी वाढले, हा प्रश्न बाईंना कधी पडलाच नाही. "पाला," मी म्हटलं आणि रिक्षात बसले.

निघायचं कारण माझी भाची. प्रांजली, माझ्या धाकट्या भावाची, मधुकरची मुलगी. शिकायला म्हणून बेल्जियमला गेली, घेंट नावाच्या शहरात नोकरीला लागली आणि तिथल्याच योरिस नावाच्या मुलाशी लग्न ठरवून मोकळी झाली. आता योरिसची आई, ग्रीटबाई, एकट्याच घर बघायला येत होत्या. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून नागपूरच्या विमानतळावरून विहीणबाईंना गडचिरोलीला आणायचं काम माझ्याकडे आलं.

पण नुसतं आणायचं नव्हतं. भांडण होतं लग्नाच्या जागेचं. प्रांजलीला लग्न घरच्या अंगणात हवं होतं, आंब्याखाली, गल्लीतल्या सगळ्यांसमोर. मधुकरला ते नागपूरच्या चकचकीत हॉटेलात हवं होतं. हा माझा भाऊ गडचिरोलीत जन्मला, तिथंच सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झाला. पण रेल्वेत कुणी विचारलं, कुठले, तर "चंद्रपूर साईड" असं सांगतो. शेवटी बापलेकीत ठरलं, की ग्रीटबाई येऊन बघतील. त्यांना गडचिरोलीत करमलं तर लग्न अंगणात. त्यांचं तोंड जरा जरी वाकडं झालं तर नागपूर. "आत्या, तूच सांभाळ गं," प्रांजली फोनवर रडवेली होऊन म्हणाली. "मला हॉटेलात परक्यासारखं लग्न नाही करायचं."

त्याच दिवशी मधुकरचाही फोन आला. "बाई," तो म्हणाला. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. "वाटेत तिले तिचं खानं भेटलं पाह्यजे. मी इचारून ठेवलं. घुग्घुसले बेल्जियन वाफल भेटते, चंद्रपुरात बेल्जियन चॉकलेट भेटते. आपलं काही खाऊ घालजो नको. पोट बिघडलं तं सारंच बिघडन."

"अरे, ती बेल्जियमहून येतेय. बेल्जियमचं खायला ती इथं कशाला येईल?"

"तुले नाई समजत," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

विमानतळावर ग्रीटबाई पांढरे आखूड केस, साध्या चपला आणि एक पिशवी, एवढ्याच ऐवजानिशी बाहेर आल्या. मला बघून हात जोडले. "नमस्कार बाई. मी ग्रीट. बरं हाय ना?" प्रांजलीनं शिकवलं होतं, आणि शिकवलं तेही आमच्या झाडीपट्टीच्या, गडचिरोलीकडच्या बोलीतलं. मला तिथंच हसू फुटलं. गाडी चंद्रपूरच्या सलीमभाईंची होती. हे गृहस्थ प्रत्येक खड्ड्याला त्याच्या ठेकेदाराच्या सात पिढ्यांसकट ओळखतात, आणि ती ओळख प्रवाशांनाही करून देतात.

नागपूर सोडलं तोच रस्त्याच्या कडेला तर्री-पोह्यांचा (पोह्यांवर लाल तिखट रस्सा) ठेला लागला. ग्रीटबाईंनी काच खाली केली, मान बाहेर काढून वास घेतला. "हे काय आहे?" मी भावाच्या हुकमाला बांधलेली. म्हटलं, काही नाही, तिखट असतं. सलीमभाईंनी आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, की मी नजर फिरवून बाहेरची शेतं बघू लागले.

घुग्घुसचं दुकान मुख्य रस्त्यावरच होतं. पाटी: 'बेल्जियम दरबार – शुद्ध शाकाहारी'. समोरून कोळशाचे ट्रक जात होते, त्यांच्या धुळीत पाळीवरून सुटलेले कामगार मोटारसायकलींवर जात होते. आत सोफ्यांवर प्लास्टिकची खोळ, खोळीवर काळा थर, आणि भिंतीवर छतापर्यंत रंगवलेला आयफेल टॉवर. ग्रीटबाई त्या टॉवरपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. हा शेजारच्या देशाचा आहे, हे सांगावं की नाही, अशा विचारात असाव्यात.

भिंतीवर पदार्थांची नावं होती. तंदुरी पनीर वाफल. शेजवान वाफल. वाफल चाट. आणि महाशिवरात्र नुकतीच होऊन गेली होती, म्हणून कागद चिकटवलेला: 'उपवासाचा बेल्जियन वाफल (राजगिरा)'. मी त्याचं भाषांतर करून सांगितलं. ग्रीटबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"मॅडम कुठून आल्या?" गल्ल्यावरच्या मालकांनी विचारलं. गळ्यात जाड साखळी, हातात दोन फोन.

"बेल्जियमहून," मी म्हटलं.

"अरे बापा!" मालक उठूनच उभे राहिले. "म्हंजे घरच्याच झाल्या! मंग तं बसा तुमी. आपल्या इथी ओरिजिनल भेटते, एकदम सेम टू सेम."

आला तो वाफल (साच्यात भाजलेली चौकटी-चौकटींची जाड गोड पोळी) ताटलीच्या बाहेर लोंबत होता. त्यावर चॉकलेटचा चिखल, वर आइस्क्रीम, त्यावर रंगीत गोळ्या, त्यावर काजूकतली. हो, काजूकतली. ग्रीटबाई शेतकऱ्याघरच्या. ताटात टाकायचं नाही, असं त्यांच्या आईनं शिकवलेलं. त्यांनी गपगुमान सगळं संपवलं. आणि आमच्याकडे ताट रिकामं दिसलं की यजमानाला काय वाटतं, हे मी त्यांना सांगायच्या आत मालकांनी दुसरा वाफल ठेवला. "आवडला, आवडला त्याईले!" बाईंनी तोही संपवला. तिसरा येताना दिसला तेव्हा मी त्यांच्या ताटलीवर पालथा हात ठेवला. एवढ्या वेळात मालकांचा एक फोन हे सगळं टिपत होता.

गाडीत बसल्यावर ग्रीटबाई पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "आमच्याकडे बेल्जियन वाफल नावाचं काही नसतंच. ब्रसेल्सचा वेगळा, लिएजचा वेगळा. आणि दोन्हीकडची माणसं दुसऱ्याच्या वाफलला वाफल मानत नाहीत." पुणेकर आणि नागपूरकर पोह्यांवरून भांडतात तसंच म्हणायचं. मला बेल्जियमबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

चंद्रपुरात मुक्काम होता. संध्याकाळी सलीमभाईंनी आम्हांला त्यांच्या चुलत्यांच्या बेकरीत नेलं. किल्ल्याच्या भिंतीला लागून गल्लीत ही बेकरी, आजोबांच्या काळापासूनची. माझ्या लहानपणी वडील चंद्रपूरला आले की तिथून टोस्ट आणि नानखटाई आणत. आता पाटीवर 'बेल्जियन चॉकलेट स्टुडिओ' असं वळणदार अक्षरांत लिहिलेलं, आणि काचेच्या कपाटात सोन्याच्या कागदातली चॉकलेटं रांगेत. चाचांनी त्यातलं एक ग्रीटबाईंना दिलं. त्यांनी ते चघळलं आणि चेहरा जितका सरळ ठेवता येईल तितका ठेवला. मीही एक खाल्लं. डालडा मी कुठंही ओळखते.

मागच्या भट्टीतून मात्र असा वास येत होता, की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ग्रीटबाई सरळ पडदा बाजूला करून आत गेल्या. आत पत्र्याच्या तव्यांवर नानखटाई निघत होती. "नहीं नहीं मॅडम," चाचा मागे धावले, "वो आपके लायक नहीं है. वो तो लोकल पब्लिकसाठी आहे." मॅडमच्या तोंडात तोवर एक गेली होती. डोळे मिटले त्यांनी. दुसरी हातात, तिसरी पिशवीत. "चाचा, ही पुढं का ठेवत नाही?" मी विचारलं. चाचा ओशाळले. म्हणाले, "पाटी बदलली ना बेटा. लोग हसते है, बोलते है, इतका मोठा बोर्ड आणि अंदर नानखटाई?" म्हणजे माल चांगला, पण तो लपवून विकायचा. मला मधुकरची आठवण आली आणि राग आला.

दुसऱ्या दिवशी मूलच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल, पळस फुललेला, मध्येच वाघापासून सावध राहायच्या पाट्या. मूलला आणखी एक 'बेल्जियन वाफल अँड झुणका-भाकर सेंटर' लागलं, पण दाराला कुलूप. शेजारच्या पानठेल्यावर कळलं, की मालक मार्कंड्याच्या जत्रेत रसवंती लावायला गेले आहेत. ग्रीटबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मीही.

त्या रस्त्यावरच मी त्यांना आपल्याकडच्या विहीणपणाचे हक्क सांगितले. गंमत म्हणूनच. कालच्या वाफलनं सुस्तावलेल्या बाईला किती वेळ झाडं दाखवणार? म्हटलं, आमच्याकडे मुलाच्या आईला फार मान. पंगतीत तिचं पान आधी वाढायचं, तिच्यावर बायका थट्टेची गाणी म्हणतात. आणि तिला एक मोठा अधिकार असतो, रुसायचा.

"म्हणजे?"

"म्हणजे ऐन पंगतीत तिनं पानाला हात लावायचा नाही. पदर घ्यायचा, तोंड फिरवून बसायचं. मग मुलीकडच्यांची धावपळ. काय हवं विहीणबाई, काय हवं? ती मागेल ते द्यायचं."

"काहीही?"

"साडी मागतात, नथ मागतात. काहीही."

"आणि वडिलांनी नाही म्हटलं तर?"

परदेशी पाहुणे नेऊन नेऊन इंग्रजी कळू लागलेल्या सलीमभाईंनाच राहवलं नाही. "अरे मॅडम, नाई कसं म्हनन? विहीन रुसली आन् बापानं ऐकलं नाई, तं गावातल्या बाया त्याचं नाव घेऊन जिंदगीभर बोलतीन." मी भाषांतर केलं. ग्रीटबाई "हं" म्हणाल्या आणि खिडकीतून पळस बघत राहिल्या. मीही ते तिथंच विसरले.

गडचिरोलीत शिरताना बस स्टँड लागलं, कचेऱ्या लागल्या, पोलिसांच्या छावणीचं फाटक आणि काटेरी तार लागली. ग्रीटबाई सगळ्याकडे सारख्याच कुतूहलानं बघत होत्या. मधुकर दारात उभा होता, नवा सदरा घालून, घामाघूम. "वेलकम, वेलकम," म्हणाला आणि पुढच्या वाक्यात माफी मागून मोकळा झाला. रस्ता खराब, माफ करा. गाव लहान, माफ करा. गरम होते, माफ करा. माझी भावजय सुनंदा मागे आरतीचं ताट घेऊन कधीची थांबली होती. याची माफी संपेना, तिला ओवाळता येईना.

ग्रीटबाईंनी घर बघितलं, अंगण बघितलं, मोहरलेल्या आंब्याच्या बुंध्याला हात लावला. "किती छान आहे. प्रांजलीनं सांगितलं होतं तसंच." मी तेवढ्याच जोरात मराठीत सांगितलं.

मधुकर हसला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बरी बाई आहे. मोठेपन आहे तिचं. पाव्हने असंच म्हनतात."

"अरे, तिला खरंच आवडलंय!"

"मले शिकवू नको, बाई. तिले काय आवडते ते मले माहीत आहे." आणि त्यानं फोन काढून दाखवला. घुग्घुसच्या मालकांनी ते चित्रण जगभर पाठवलं होतं. बाई एक वाफल संपवतायत, दुसरा संपवतायत, मागे आयफेल टॉवर. "हे पाय. दोन खाल्ले! इथी काय देऊ तिले असं? मी नागपूरच्या हॉटेलवाल्याले सांगून टाकलं. लग्नात बेल्जियन काउंटर राहीन. आन् परवा इथी विहीनबाईच्या मानाची पंगत ठेवली, त्याले त्याचा मानूस मशीन घेऊन येऊन राह्यला."

मी कपाळावर हात मारून घेतला. ग्रीटबाई जे खरं सांगत होत्या ते याला शिष्टाचार वाटत होतं, आणि शिष्टाचार म्हणून खाल्लेला वाफल याला खरा वाटत होता. रात्री प्रांजलीचा फोन आला. "झालं का गं काही?" तिनं विचारलं. मला नाही म्हणायला जीभ वळेना, म्हणून म्हटलं, उद्या मार्कंड्याला जातोय.

वैनगंगेच्या काठावर मार्कंडादेवाची देवळं आहेत. दगडात इतकी माणसं, इतक्या अप्सरा, की बघता बघता मान अवघडते. महाशिवरात्रीची जत्रा अजून उठली नव्हती. पाळणे, बांगड्या, ऊस, भोंगे, धूळ, नवस फेडायला आलेल्या बायाबापड्या. मधुकर आला नाही. "त्या धुळीत तिले काऊन नेतेस?" म्हणत घरीच बसला, हॉटेलवाल्याशी बोलायला.

दर्शन घेऊन नदीकडून परत येताना ग्रीटबाई एकाएकी थांबल्या. पुढं ताडपत्रीखाली एक बाई मोठ्या कढईत गुलगुले (गूळ-कणकेचे तळलेले गोळे) सोडत होती. हात कणकेत, मुठीतून गोळा निसटतो, तेलात बुडतो, फुगून वर येतो. ग्रीटबाई कढईजवळ गेल्या त्या तिथंच खिळल्या.

"खा ना वो बाई," गुलगुलेवाली ओरडली. चामोर्शीकडची, नाव रखमाबाई, आवाज सगळ्या जत्रेला पुरेल एवढा. "नुसती पायत काय राह्यली? माह्या हातचे गुलगुले खाऊन कोनी नाव नाई ठेवलं आजवर. ठेवलं तं सांगजो मले!"

कागदाच्या पुडीत गरम गुलगुले आले. मला मधुकरचा हुकूम आठवला आणि मी तो वैनगंगेत सोडला. ग्रीटबाईंनी एक फोडला, फुंकर घातली, तोंडात टाकला. आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी घाबरले. म्हटलं, भाजलं की काय.

"स्माउटबॉलन," त्या म्हणाल्या (त्यांच्याकडचे तळलेले गोड गोळे). "आमच्या गावच्या केर्मिसमध्ये, जत्रेत, हेच असतं. असाच तंबू, अशीच कढई, अशीच ओरडणारी बाई. वर साखर भुरभुरतात एवढंच. माझ्या नवऱ्यानं पहिल्यांदा मला हेच खाऊ घातलं. तो गेल्यापासून मी जत्रेत गेले नाही."

मी रखमाबाईंना सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा झारा कढईवर आडवा झाला. मग त्यांनी पुडीत आणखी गुलगुले टाकले. "खा माय. पोटभर खा." ग्रीटबाई कढईशेजारी पोत्यावर बसून, बोटं चाटत, पोटभर जेवल्या. बेल्जियन खाणावळ म्हणाल तर मला भेटली ती ही. पाटी नव्हती, टॉवर नव्हता, प्लास्टिकची खोळसुद्धा नव्हती.

परत येताना त्यांनी एकच विचारलं. "ते रुसताना पदर डोक्यावर घ्यायचा, की नुसता खांद्यावर?" मी चमकून पाहिलं. त्या नदीकडे बघत होत्या. "डोक्यावर," मी म्हटलं.

पंगत दुसऱ्या दिवशी दुपारी, आंब्याखाली. सुनंदानं पहाटेपासून पुरण घातलं होतं, वडे तळले होते, वांग्याची भाजी केली होती. पण मधुकरनं तिला बजावलं होतं, की हे आपल्या लोकांसाठी. विहीणबाईंचं ताट वेगळं. नागपूरचा माणूस उंच पांढरी टोपी घालून आला होता. मधुकर त्याची ओळख बेल्जियन शेफ अशी करून देत होता. मी विचारलं तर तो हिंगणघाटचा निघाला. त्यानं यंत्राची पिन लावली आणि घरातले पंखे बंद पडले. मग शेजारच्या सुभद्राबाईंच्या घरून वायर ओढली, तर त्यांचेही बंद पडले. तिसऱ्या घरी जाऊन एकदाचा वाफल झाला. सगळी गल्ली पदरानं वारा घेत, त्या वाफलची वाट बघत, उपाशी बसली होती.

ग्रीटबाई सुनंदाची हिरवी साडी नेसून पाटावर बसल्या. मधुकरनं चांदीच्या ताटात तो वाफल आणून ठेवला. वर स्ट्रॉबेरी. "प्लीज," तो म्हणाला.

ग्रीटबाईंनी ताटाकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले. पदर डोक्यावर ओढला, आणि गरकन फिरून आंब्याकडे तोंड करून बसल्या.

"काय झालं?" मधुकरचा चेहरा पांढराफटक. "बाई, काय झालं हिले? पोट दुखते का?"

पदराआडून आवाज आला. "मी रुसली."

सगळ्या पंगतीच्या माना वळल्या. मग सुभद्राबाई मांडीवर थाप मारून हसल्या, आणि सगळ्या अंगणात बायकांचा असा गिल्ला उठला, की आंब्यावरचे पक्षी उडाले. "विहीन रुसली वो! विहीन रुसली!" कुणी गाणं सुरू केलं. सुनंदा तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडतही होती.

"इचारा ना मधुभाऊ," सुभद्राबाई म्हणाल्या. "काय पाह्यजे ते इचारा. विहीन रुसली तं द्याच लागते."

मधुकर हात जोडून वाकला. "काय पाह्यजे, विहीनबाई?"

उत्तर घोटून पाठ केलेलं होतं, बहुधा फोनवरून प्रांजलीकडून. "लग्न इथी. अंगनात." थोडं थांबून, "गुलगुले." आणि मग ठासून, "वाफल नाई."

मधुकरनं माझ्याकडे पाहिलं. "बाई, तू शिकवलं न हे?"

"मी फक्त रीत सांगितली."

तो मटकन खाली बसला. "इथी काय आहे वो तिच्यासाठी? गावाचं नाव घेतलं का लोक तोंडाकडे पायतात, बाई. जन्मभर पायलं ते मी. माह्या पोरीच्या सासरच्याईनं तसं पाहू नये, म्हनून हे सारं करून राह्यलो."  इतकी वर्षं मी त्याला हसत आले. त्याच्या पोटात हे होतं, ते मला त्या दिवशी ऐकू आलं. मी ते शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं. 

ग्रीटबाई वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच बोलल्या. "त्यांना सांगा, हॉटेलं आमच्या देशात खूप आहेत. माझी सून जिथं वाढली ते अंगण तिकडे नाही. आणि सांगा, की विहीण अजून रुसलेलीच आहे."

सांगितलं. मधुकरनं डोळे पुसले, सगळ्या गल्लीकडे एकदा पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "हव! इथीच करू! आता तं जेवा!"

तेव्हा कुठं पदर खाली आला. सुनंदानं स्वतःच्या हातानं पुरणपोळीचा घास भरवला. ग्रीटबाईंनी ताट साफ केलं, ताट परत भरलं, तेही साफ केलं. पण या वेळी मी हात पालथा घातला नाही. वाफल हिंगणघाटच्या शेफनं खाल्ला.

पुण्याला परतले. दोन-तीन आठवडे गेले असतील. आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर नवं वाफलचं दुकान उघडलं, आणि केळकरबाई कौतुकानं एक डबा घेऊन वर आल्या. "ऑथेंटिक बेल्जियन आहे हं," म्हणाल्या. "तुम्ही तिकडे जंगलात होतात ना, म्हटलं जरा चांगलंचुंगलं खा." मी ताटल्या काढत होते तोच मधुकरचा फोन वाजला. हात भरलेले, म्हणून मी तो मोठ्या आवाजावर टाकला.

"बाई, गुलगुलेवाली भेटली! तिच्या गावी जाऊन आलो चामोर्शीकडे. येतो म्हने. मले इचारे, लग्न कोन्या हॉटेलात हाय? म्हटलं, हॉटेलात कायले? घरी हाय. आमच्या गडचिरोलीले." 'आमच्या' शब्दावर त्याचा आवाज चांगलाच चढला होता.

फोन संपला. केळकरबाईंचा चमचा हवेतच होता. "गडचिरोलीला लग्न? आणि ती बेल्जियमची माणसं येणार?"

"येणार. तिकिटं काढलीसुद्धा त्यांनी."

"अगबाई! पण त्यांना चालेल का हो ते सगळं?"

"त्यांना चालतंय," मी म्हटलं. "तुम्हांला पत्रिका दिली तर तुम्ही याल का, ते सांगा."

केळकरबाईंनी वाफलकडे पाहिलं आणि त्याचे अगदी बारीक बारीक तुकडे करायला घेतले.